लांच देणारा निर्दोष आहे काय?

धर्माबादच्या मिरचीच्या बाजारांत असें पुष्कळदां कानीं येतें कीं, "घेणारा दोषी, देणारा बिचारा काय करील?" ह्यांत अर्धेंच सत्य आहे. ज्याचें काम अडवून धरलें आहे, तो खरोखर दयेस पात्र आहे. परंतु जो पैसे देऊन पुढें जातो, तो मागें उभ्या असलेल्या विधवेची पाळी विकत घेतो.

सन २०१८ मध्यें सुधारलेल्या कायद्यानें हाच भेद केला आहे. लांच देणाराही अपराधी. मात्र बळजबरीनें ज्यास ती द्यावी लागली, त्यानें सात दिवसांच्या आंत खबर दिल्यास तो सुटतो. कायदा दुर्बळाची गय करितो, मौनाची करीत नाहीं.

पण एकट्यास बोलण्याचें भय वाटतें, हें खरें. म्हणूनच सन १९९२ च्या त्र्याहत्तराव्या दुरुस्तीनें राज्यघटनेंत ग्रामसभेस स्थान दिलें. ती १९९३ पासून अंमलांत आहे. तेथें गांवच्या पैशाचा हिशेब मोठ्यानें विचारतां येतो. एकट्यास जें विचारवत नाहीं, तें पांच जणांनीं मिळून विचारावें. ग्रामसभेच्या दिवशीं आपण घरींच बसलों, तर घटना तरी काय करील?