थोडक्यात वाचलो, पण कशामुळे?



पावसाळ्यात महामार्गावरून घरी आलेला माणूस चपला काढता काढता हमखास सांगतो, 'आज थोडक्यात वाचलो.' पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही, दुभाजकाच्या फटीतून म्हैस आडवी आली, नाहीतर कोणी उलट्या दिशेने मोटारसायकल घातली. घरचे 'देवाची कृपा' म्हणतात, चहा होतो आणि विषय मिटतो. तो इतक्या लवकर मिटू नये, असे आम्हांला वाटते.

समजा, दोन शेजारी गावातल्या रस्त्यावरून ताशी ६० किलोमीटर वेगाने निघाले आहेत. दोघांचीही नजर मोबाईलवर, फक्त दोन सेकंद. या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. म्हणजे ३३ मीटर रस्ता कोणी पाहिलाच नाही. पाय ब्रेकवर जायला लागणारा वेळ आणखी वेगळा. पहिल्याच्या समोर कोणी आले नाही, तो घरी जाऊन जेवला. दुसऱ्याच्या समोर चेंडूमागे धावणारे मूल आले. दोघांनी केले ते एकच. मग एक सभ्य गृहस्थ आणि दुसरा गुन्हेगार, हे कसे?

१९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी हे कोडे 'नैतिक नशीब' या नावाने चर्चेला घेतले. चांगुलपणा इच्छेत असतो, परिणामावर अवलंबून नसतो, असे कांट सांगून गेला. हे आपल्याला पटते, तरी निवाडा आपण परिणाम पाहूनच करतो. कायदाही तेच करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बेदरकार वाहन चालवण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हयगयीने कोणाचा मृत्यू घडला, तर पाच वर्षांपर्यंत. यात कायद्याला दोष देता येणार नाही. न्यायालयाला मृताच्या घरच्यांकडे पाहावे लागते, आणि जिथे काही घडलेच नाही तिथे साक्षीदार कुठून आणणार? सदसद्विवेकबुद्धीला मात्र साक्षीदार लागत नाही.

अर्थात, निसटते प्रसंग सगळे सारखे नसतात. गाडी हळू होती, लक्ष रस्त्यावर होते आणि तरीही म्हैस आडवी आली, तर त्यात चालकाचा दोष काय? विल्यम्सनेही असाच एक ट्रकचालक कल्पिला आहे. त्याची काहीच चूक नसते, तरी त्याच्या गाडीखाली मूल सापडते. 'तुझा दोष नव्हता,' असे आपण त्याला सांगू, आणि ते खरेच असेल. पण तो दुसऱ्याच दिवशी हसूखेळू लागला, तर आपल्यालाच कसेसे होईल. दोष नाही, पण संबंध आहे. हा फरक सेमिनरीच्या वर्गात समजायला सोपा होता. अपघात झालेल्या घरी बसल्यावर तो फार अवघड जातो.

आता 'देवाने वाचवले' या शब्दांकडे येऊ. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी होती काय, असे प्रभू येशूने विचारले, आणि उत्तरही दिले: नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात ते आहे. मग जे बुरुजाखाली सापडले नाहीत, तेही अधिक चांगले होते असे ठरत नाही. देवाचे आभार जरूर मानावेत. पण त्याच वळणावर ज्यांचा मुलगा गेला ती आई दोन बाकांपुढे बसलेली असते, आणि आमच्या सुटकेला आम्ही आमच्या वागण्याचा दाखला मानू लागलो की तिच्या मुलाबद्दलही नकळत काहीतरी बोलून जातो.

प्रायश्चित्त संस्काराची तयारी करताना झालेला अपघात आठवतोच. ज्या संध्याकाळी काहीच घडले नाही, तिचीही तपासणी करून पाहावी: वेग किती होता, नजर कुठे होती, घाई कसली होती. बहुतेक वेळा घाई कसलीच नसते.