न ऐकता दिलेला होकार

सत्याचा विचार करताना आपण बहुधा बोलण्याचाच विचार करतो. खोटे बोलू नये, दिलेला शब्द मोडू नये, साक्ष फिरवू नये, हे संस्कार लहानपणापासून घराघरांत होत असतात. परंतु ऐकण्यातही सत्य आणि असत्य असते, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. समोरचा मनुष्य काही सांगतो, त्यातले अर्धेच कानी पडते, तरी आपण मान डोलावून 'हो' म्हणतो. तोंडातून एकही खोटे विधान गेलेले नसते. तथापि आपणास सर्व समजले अशी त्याची समजूत मात्र आपण करून दिलेली असते. हा होकार खरा मानावा की खोटा? उतारवयात ज्यांची श्रवणशक्ती मंद झाली आहे त्यांच्यापुढे, आणि त्यांच्या कुटुंबीयांपुढेही, हा प्रश्न रोजच्या रोज उभा राहतो. म्हणून तो आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आपल्या परंपरेने श्रवणाला फार वरचे स्थान दिले आहे. भागवतात प्रल्हादाने सांगितलेल्या नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकाचा आरंभ तिच्यापासूनच केला. बृहदारण्यकोपनिषदात याज्ञवल्क्यांनी मैत्रेयीला केलेल्या उपदेशातही मनन आणि निदिध्यासन यांच्या आधी श्रवण येते. हा क्रम सहेतुक आहे. जे ऐकलेच नाही त्याचे मनन कशाचे करावयाचे? आणि तरीही प्रत्येक देवालयाच्या सभामंडपात असा एखादा वृद्ध भाविक आढळतोच, की जो कीर्तनाला नेमाने येतो, इतर हसले की हसतो, इतरांनी टाळी वाजविली की वाजवितो, आणि घरी परतल्यावर आज कोणते आख्यान झाले हे त्यास सांगता येत नाही. त्याची श्रद्धा खोटी नाही. परंतु तो ज्यासाठी येतो ते त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि ही गोष्ट तो कोणास कळूही देत नाही.

ती पुष्कळदा त्याची त्यालाही कळलेली नसते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. वार्धक्यातील बहिरेपण दार लावल्यासारखे एकदम येत नाही. प्रत्येक कानाच्या आत शंखाकृती नलिकेत जन्मतः सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्यदेहात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. वयोमानाने प्रथम हानी होते ती उंच पट्टीचे नाद टिपणाऱ्या पेशींची. आ, ओ यांसारखे स्वर जड व ठळक असल्यामुळे ऐकू येत राहतात. स, श, फ यांसारखी उंच व क्षीण व्यंजने मात्र निसटतात. 'साठ' या शब्दातील 'स' गळला म्हणजे 'आठ' उरतो. म्हणून अशा मनुष्याची तक्रार 'ऐकू येत नाही' अशी नसते. 'ऐकू येते, पण हल्लीची माणसे पुटपुटतात' अशी असते. दूरदर्शनसंचाचा आवाज वाढत जातो, चार माणसांच्या बोलण्यात धागा सुटतो, पाठीमागून मारलेली हाक वाया जाते. ही लक्षणे प्रथम घरातल्यांना दिसतात. ज्याची त्याला ती शेवटी दिसतात.

मध्यप्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या भागाचे उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी येथील रीत आहे. संत्री आणि कापूस हा येथील व्यवहार. समजा, एका वृद्ध बागाईतदाराशी व्यापारी संत्र्यांच्या बागेचा सौदा करीत आहे. व्यापारी 'सात लाख' म्हणतो, वृद्धाच्या कानी 'आठ' पडते, आणि पुन्हा विचारण्याचा संकोच वाटून तो मान डोलावतो. पैसे मोजताना वाद होतो. वृद्धास वाटते आपणास फसविले. व्यापाऱ्यास वाटते म्हाताऱ्याने शब्द फिरविला. दोघेही प्रामाणिक, मध्ये आला तो फक्त एक न ऐकता दिलेला होकार. तोच प्रकार दस्तावर अंगठा उठविताना किंवा डॉक्टरांनी औषधाचे प्रमाण सांगताना झाला, तर त्याची किंमत याहून मोठी होते.

दोन भाषांत जगणाऱ्यांची अडचण तर अधिकच सूक्ष्म असते. मातृभाषेत एखादे अक्षर निसटले तरी मन ते सवयीने भरून काढते. दुसऱ्या भाषेत ही भरपाई तितकी सहज होत नाही. म्हणून सौंसरचा आजोबा घरच्या मराठीत 'ठीक' वाटतो आणि कचेरीच्या हिंदीत गोंधळतो. कोकणी घरात वाढून मराठीत वा इंग्रजीत व्यवसाय केलेल्या आमच्या अनेक वाचकांनाही हा अनुभव अपरिचित नसेल. शब्द ओळखण्याची चाचणी होईल तेव्हा ती आपल्या भाषेत करण्याचा आग्रह धरावा, तो याकरिताच.

इतके असूनही मनुष्य आपली उणीव लपवितो का? डोळ्यांना चष्मा लागला तर आपण तो उघड मिरवितो. कानाला यंत्र लावावयाचे म्हटले की लाज वाटते. चष्म्यास लोकांनी विद्वत्तेची खूण मानले आणि बहिरेपणास मंदबुद्धीची. बहिऱ्याच्या भलत्या उत्तरांवर हशा पिकविणारे विनोद आपणच सांगत आलो. थोरांनाही ही लाज चुकली नाही. १८०२ साली बेथोव्हेन या महान जर्मन संगीतकाराने आपल्या भावांना उद्देशून लिहून ठेवले, की मी बहिरा आहे, मोठ्याने बोला, असे लोकांना सांगणे मला जमत नाही; आणि त्यामुळेच मला तुसडा समजण्यात येते. उणीव लपविण्याची ही शिक्षा आहे: न ऐकणाऱ्यास लोक हट्टी, गर्विष्ठ वा निष्ठुर समजतात.

काही वृद्ध याला वैराग्याचे रूप देतात. 'आता ऐकून काय करावयाचे? देवाने कान मिटले, ते बरेच झाले,' असे ते म्हणतात. ही भूमिका आम्हांस मान्य करता येत नाही. जे हाती आहे ते स्वेच्छेने सोडणे म्हणजे वैराग्य. जे नकळत गळून गेले त्यावर वैराग्याचा शिक्का मारणे ही स्वतःची समजूत घालणे होय. शिवाय आपले ऐकणे केवळ आपल्या मालकीचे नसते. नातवाची गोष्ट, सुनेची अडचण, पत्नीचे रात्री हळू आवाजात सांगितलेले दुखणे, यांना ऐकणारा कान हवा असतो. उपाय हाताशी असताना तो नाकारणे म्हणजे त्यांना त्यांचा श्रोता नाकारणे होय. ज्यास उपाय लाभला नाही किंवा लाभूनही गुण आला नाही, त्याला हा दोष लागत नाही. 'मला ऐकू आले नाही' असे त्याने सांगितले म्हणजे त्याचे कर्तव्य पूर्ण झाले.

उपाय काय, तेही थोडक्यात सांगतो. प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. कित्येकदा मळ साचल्याने किंवा पडद्याच्या विकाराने ऐकू कमी येते आणि औषधोपचाराने सुधारणा होते. एखाद्या कानाने अकस्मात ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही दवडू नये. पुढची तपासणी श्रवणतज्ज्ञ शांत खोलीत करतात. निरनिराळ्या पट्ट्यांचे नाद ऐकवून कोणता नाद किती डेसिबलला कळतो याचा आलेख काढतात, आणि त्यावरून यंत्र जुळवून देतात. दुसऱ्याचे यंत्र उसने घेणे किंवा आलेखावाचून बाजारातून आणणे, हे दुसऱ्याचा चष्मा लावण्यासारखेच आहे. पांढुर्णा नागपूर–इटारसी लोहमार्गावर आणि सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर असल्यामुळे नागपूरची रुग्णालये दोन्हीकडून आवाक्यात आहेत. गरीब ज्येष्ठांना श्रवणयंत्रासारखी साधने विनामूल्य देण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली, तिची चौकशी जरूर करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'ऐकू कमी येणारा' ही संज्ञा दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे लागू होते; परंतु त्याच्या खालचा ऱ्हासही संसारात पुरेसा जाचतो. दाखला मिळत नाही म्हणून गरज नाही, असे समजू नये.

यंत्र लावताच तारुण्यातले कान परत येतात अशी आशा मात्र धरू नये. प्रारंभी स्वतःचा आवाज परका वाटतो, भांड्यांचा खणखणाट कानावर आदळतो. मेंदूला विसरलेले नाद पुन्हा ओळखावयाचे असतात आणि त्यास काही आठवडे लागतात. प्रथम शांत घरात एकाच माणसाशी बोलताना, मग जेवणाच्या पंगतीत आणि शेवटी सभामंडपात, अशा क्रमाने सवय करावी. दोन दिवसांत कंटाळून जे यंत्र पेटीत ठेवले जाते, त्याचा दोष पुष्कळदा यंत्राकडे नसून घाईकडे असतो. जुळणी बरोबर नसेल तर पुन्हा जाऊन ती करून घ्यावी.

सारे कर्तव्य ऐकणाऱ्याचेच आहे असेही नाही. अशा मनुष्याशी समोर येऊन, उजेडात, सावकाश बोलावे. ओरडू नये, कारण क्षीण झालेल्या कानास हळू आवाज कळत नाही आणि मोठा आवाज बोचतो. 'जाऊ द्या, काही विशेष नाही' हे वाक्य तर घरातून हद्दपार व्हावे. त्याने वृद्धाला संभाषणातून उठवून लावल्यासारखे होते. देवालयांच्या विश्वस्तांनाही आमची विनंती आहे. कर्ण्यांचा आवाज वाढविल्याने मंडपात नाद घुमतो आणि शब्द अधिकच हरवतो. त्याऐवजी ज्येष्ठांना वक्त्याचे मुख दिसेल अशी पुढची जागा राखून ठेवावी. इंग्लंडातील अनेक प्रार्थनामंदिरांत तारेचे वेटोळे बसवून वक्त्याचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचविण्याची सोय केलेली आहे; आपल्या संपन्न देवस्थानांना ती अशक्य नाही.

आमच्या मते प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. नकळत दिलेला होकार ही केवळ चूक आहे. आपल्याला ऐकू येत नाही हे कळल्यानंतरही जो होकार देत राहावे, त्यात असत्याचा अंश येतो. तो टाळण्यासाठी यंत्र मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. 'पुन्हा सांगा, मला नीट ऐकू आले नाही,' एवढे वाक्य त्यास पुरेसे आहे. आणि ते ऐकून न रागावता पुन्हा सांगणे, हे दुसऱ्या बाजूचे कर्तव्य आहे.