दृष्टिआड सृष्टी



आमच्या शब्बाथ शाळेतील मोठ्या मुलांत एकदा वाद जुंपला. विषय होता संगणकावरील एका खेळाचा. आम्ही त्यांना गप्प करणार होतो. पण थोडे ऐकल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न मुलांपेक्षा आम्हां मोठ्यांचाच अधिक आहे.

'द सिम्स' हा खेळ २००० साली अमेरिकेत निघाला. त्याचे निर्माते विल राइट यांचे घर १९९१ च्या ओकलंड येथील आगीत जळाले होते. संसार पुन्हा उभा करताना त्यांना या खेळाची कल्पना सुचली. यात लढाई नाही. माणसे घडवायची, त्यांना घर बांधून द्यायचे, त्यांच्याकडून नोकरी, स्वयंपाक, लग्नकार्य करवून घ्यायचे, एवढेच.

२००९ साली निघालेल्या तिसऱ्या भागात सारे गाव एकदम खुले होते. घरातून निघून थेट शेजाऱ्याकडे वा बागेत जाता येई. आपले लक्ष नसतानाही शेजाऱ्यांची लग्ने होत, नोकऱ्या बदलत. मात्र एवढे गाव चालविताना संगणकाची दमछाक होई. म्हणून २०१४ च्या चौथ्या भागात एका वेळी एकच जागा जिवंत ठेवली. दुसऱ्या घरी जायचे तर मध्ये पडदा येतो आणि थांबावे लागते. मुले याला 'लोडिंग' म्हणतात. आपण निघालो की मागच्या घरातले जगणे बहुतांशी जेथल्या तेथे थबकते. २०२१ साली यात काही सुधारणा झाली. तर २०२५ साली कोरियातून आलेल्या 'इनझोई'ने पुन्हा खुले गाव आणले. अर्थात वाद मिटला नाही. काही मुलांना खुले गाव खरे वाटे. काही म्हणत, थोडे थांबले तर काय बिघडले?

थांबण्यात काही बिघडत नाही, असे आम्हांसही वाटते. आमच्या ग्वाल्हेरातील लष्कर भाग म्हणजे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी वसविलेली छावणी. तिचेच पुढे शहर झाले. येथल्या जुन्या मराठी वाड्यांत शिरताना पाहुणा आधी देवडीत थांबे, हाक मारी, वहाणा काढी, मग चौक ओलांडून ओसरीवर येई. त्या थांबण्यात आपल्या घरचे विचार मागे राहत आणि समोरच्या घरासाठी मन तयार होई. उंबरठा हा अडथळा नव्हे. तो दुसऱ्याच्या घराचा मान आहे.

दोष आहे तो निराळाच. आपण पाठ फिरविली की मागचे घर थांबले, असे मानणे हा तो दोष. आपल्यात म्हण आहे, दृष्टिआड सृष्टी. ती आपण बहुधा हात झटकण्यासाठी वापरतो. परंतु दृष्टीच्या आड जी आहे तीही सृष्टीच आहे, देवाने निर्मिलेली, आणि ती क्षणभरही थांबत नाही.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगत नाही. आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी उपासनेस येईनाशी झाली. मुलाकडे गेली असेल, असे आम्ही धरून चाललो. आमच्या मनात ती शेवटच्या रविवारी जशी बाकावर बसली होती तशीच बसून राहिली. चार महिन्यांनी आम्ही तिच्या गल्लीत गेलो. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. शिवणयंत्र विकून झाले होते. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "कोणी येईल म्हणून दार नुसते लोटून ठेवत होते." मग तिने आमच्या एकेका मुलाचे नाव घेऊन विचारपूस केली. आमच्या मनात ती थांबली होती. तिच्या प्रार्थनेत आमचे घर रोज पुढे चालत होते.

तेव्हा केवळ जग खुले असून भागत नाही. लूक १० मधील दाखला पाहा. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी वाट खुली होती. याजकाने आणि लेव्यानेही त्या जखमी माणसास पाहिले. मध्ये पडदा नव्हता. तरी ते बाजूने निघून गेले. शमरोनी मात्र थांबला. आणि पुढची गोष्ट आपण फारशी सांगत नाही: दुसऱ्या दिवशी तो निघाला तेव्हा उतारशाळेच्या मालकाला दोन रुपये देऊन, अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे सांगून गेला. दार मागे पडले, पण आतला माणूस त्याच्या लेखी थबकला नाही. उद्या त्याला औषध लागेल, परवा अन्न लागेल, हे त्याने ओळखले. शेजारी होणे म्हणजे थांबणे, आणि निघाल्यावरही न विसरणे.

कोणी म्हणेल, एवढ्या सगळ्यांना मनात कसे ठेवावे? खरे आहे. संगणकाप्रमाणे आमचीही स्मरणशक्ती तोकडी आहे. सारे गाव एका वेळी वाहण्याचे सामर्थ्य आमच्यात नाही. ते केवळ देवबापाचे आहे. एक चिमणीही त्याच्या नकळत भूमीवर पडत नाही, असे प्रभूने मत्तय १० मध्ये शिकविले. म्हणून निराश होऊ नये. पण त्याने आपल्या वाट्यास जी चार-पाच दारे दिली आहेत, ती तरी आपण सांभाळावी.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. हजेरीपटात एखाद्या नावापुढे दोन रविवार गैरहजेरी लागली, तर तेथे थांबा. ते नाव घेऊन प्रार्थना करा आणि त्याच आठवड्यात त्या घरी जा. उंबरठ्यावर क्षणभर उभे राहा, हाक मारा. आत काय घडले आहे ते आपल्याला ठाऊक नाही, याची आठवण ठेवूनच आत पाऊल टाका.

आपल्या नजरेआड जगणाऱ्यांची आठवण प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.