खर्ज लावा आणि खोलीत चाला

पंखा बंद करा. फ्रिज घरघरत असेल तर तोही थोडा वेळ बंद ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत जाऊ दे. आता खोलीच्या मधोमध मांडी घालून बसा. ख्यालाचं रेकॉर्डिंग करायचं असलं तरी माईक अजून काढायचा नाही.

डोळे मिटा आणि ऐका. इंदूरच्या खजरान्यातली खोली आहे, तेव्हा शांततेची अपेक्षा नको. रिंग रोडवरचे ट्रक आहेत, गणेश मंदिराकडे वळणाऱ्या रिक्षा आहेत, दिवसातून पाच वेळा अजान आहे. नाहरशाह वलींचा दर्गा आणि गणपती एकाच वस्तीत असल्यावर लाऊडस्पीकरही दोन्हीकडचे. वार बुधवार असेल तर वर्दळ आणखी. महाराष्ट्रात गणपतीचा वार मंगळवार, इथे माळव्यात बुधवार. इंदुरात नव्यानं आलेला मराठी माणूस यात हमखास फसतो. तिळचतुर्थीच्या मेळ्यात तर रेकॉर्डिंगची तारीख घेऊच नका, सरळ तिळगुळाच्या लाडवाच्या रांगेत उभे राहा.

हे आवाज मनातून हाकलू नका. एकेक घ्या आणि तो कुठून आत येतो तेवढं पाहा. हॉर्न आणि बोलणं बहुधा फटीतून येतं: दाराखालून, खिडकीच्या चौकटीतून. ट्रकची गुरगुर भिंतीतून आणि जमिनीतून येते. फटीला रबरी पट्टी पुरते, गुरगुरीला वजनदार भिंतच लागते. भिंतीवर चिकटवायचा तो करडा फोम यातलं काहीच थांबवत नाही. तो आतला उंच सुरांचा घुमारा तेवढा कमी करतो. पण लोकांच्या डोळ्यांपुढे स्टुडिओ म्हणून तोच फोम येतो, त्याला काय करणार.

आता जरा थांबा आणि या शहराच्या गाण्याकडे लक्ष न्या. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) इंदूरचे. अतिविलंबित झुमरा तालात एकेका मात्रेला काही सेकंद जात, आणि एक स्वरवाक्य संपून दुसरं सुरू होईपर्यंत खाँसाहेब गप्प बसू शकत. त्या गप्प बसण्यात ऐकणाऱ्याचा कान आधीच्या स्वराला धरून असतो. १९०२ साली कलकत्त्यात गायिका गौहर जान रेकॉर्डिंगच्या कर्ण्यात तोंड घालून गायल्या, तेव्हा तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं होती. गप्प बसायला जागाच नव्हती. खाँसाहेबांच्या मारवा रागाला पुढे लाँगप्ले तबकडीची एक अख्खी बाजू मिळाली. सिनेमाच्या गाण्यात वाद्यवृंद वाजत असतो, त्याखाली खोलीची कुरबुर झाकून जाते. ख्यालात ती झाकायला काही नाही. गायक थांबतो तिथे खोली ऐकू येते. म्हणून इतका वेळ तुम्ही नुसते बसला आहात.

आता तानपुरा. गायिकेची पट्टी काळी पाच धरू. कुणाला तरी फक्त खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार छेडायला सांगा, सावकाश, एकसारखी. तुम्ही उठा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चाला, एका वेळी अर्धं पाऊल. प्रत्येक जागी तार दोनदा वाजू द्या. घाई नको.

तार तीच, बोट तेच, तरी खर्ज फुगतो आणि ओसरतो. भिंतीशी जाड होतो, अडीच फूट आत आलात की बारीक, मधोमध पुन्हा जाड. दहा बाय दहाच्या खोलीला तिचे स्वतःचे सूर असतात. समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा एक, त्याच्या दुप्पट ११२–११३चा दुसरा. काळी पाचचा खर्ज आहे ११६–११७. खोली तापली की आवाजाचा वेग वाढतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना सुमारे ३५२. त्याबरोबर खोलीचा सूर वर सरकतो आणि इंदूरच्या मे महिन्यात ११६ला येऊन भिडतो. डिसेंबरात गोड वाटलेला तानपुरा उन्हाळ्यात ढोलासारखा का वाजतो, याचं निदान एक कारण हे. छतही दहा फुटांवर असेल तर तिन्ही बाजूंचा सूर एकच. चौकोनी डब्यासारखी खोली टाळता आली तर टाळा.

रजया, गाद्या, गोधड्या लावाव्यात, जरूर. टाळी वाजवून पाहा. मागून येणारी ती झरझर त्यांनी जाते. पण खर्जाच्या लाटेची लांबी तीन मीटर, आणि अशा मऊ थराला लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे पाऊण मीटर जाडी असली तरच ती नीट शोषता येते. एवढी जाड रजई कुणाच्या घरात नसते. कोपऱ्यांत कापसाचे गठ्ठे रचले तर काही फरक पडतो. नाहीतर बैठक हलवा. आत्ता चालताना खर्ज जिथे ना फुगला ना हरवला, तिथे खडूनं खूण करा. माझ्या मते त्या खुणेची किंमत दुप्पट पैशांच्या माईकपेक्षा जास्त आहे.

आता माईक काढा. गळ्यापासून फूट-दीड फूट. त्याहून जवळ गेलात तर एकाच दिशेनं ऐकणारा माईक आवाजात खोटा भरदारपणा घालतो. अंतर दुप्पट केलंत तर गळा सहा डेसिबलनं उतरतो आणि खोली वर येते. दुसरा माईक तानपुऱ्याच्या घोडीकडे, जवारीचा झंकार जिथे सुटतो तिथे. पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे; आलापात मीटर अगदी खाली दिसेल, पण पुढे तार सप्तकातली तान यायची आहे.

गायिका बसली, डग्ग्यावर हात पडला, की मीटरकडे बघणं सोडा. खिडकीकडे कान ठेवा. मध्येच अजान सुरू झाली तर रेकॉर्डिंग थांबवा, गायिकेला पाणी द्या आणि तानपुरा पुन्हा जुळवायला घ्या. पंखा बंद असलेल्या खोलीत एव्हाना तो उतरलेलाच असतो.