जिवाणू खातील, म्हणून आपण फेकावे काय?



पाण्याच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्याला ‘पेट’ म्हणतात. ते कुजत नाही, हीच आजवरची आपली तक्रार. पण २०१६ साली जपानी शास्त्रज्ञांनी एक शोध जाहीर केला. साकाई शहरात बाटल्यांवर पुनर्प्रक्रिया होते, त्या जागेवरून आणलेल्या नमुन्यांत त्यांना पेट खाणारा जिवाणू सापडला. तीस अंश तापमानात त्याने पेटचा पातळ पापुद्रा सहा आठवड्यांत जवळजवळ संपवला. त्याची विकरे, म्हणजे एन्झाइम, प्लॅस्टिकची लांब साखळी तोडून मूळ घटक मोकळे करतात. त्यांपासून पुन्हा नवे पेट बनू शकते. २०२० साली फ्रान्समधील संशोधकांनी पालापाचोळ्याच्या खतात सापडलेले दुसरे विकर सुधारून १० तासांत ९० टक्के पेट सुटे केले आणि त्यातून नव्या बाटल्या घडवल्या.

आनंदाची गोष्ट आहे. पण मनात एक प्रश्न येतो: कचरा निस्तरणारा कोणी मिळाला, तर कचरा करणे दोष राहते का?

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, जाणून आणि स्वेच्छेने केलेले कृत्य तेच खरे मानवी कृत्य. जिवाणू भुकेपोटी खातो. त्यात त्याला ना पुण्य, ना पाप. बाटली कुठे टाकायची हे मात्र आपण ठरवतो. शेजाऱ्याच्या विहिरीत मी घाण टाकली आणि दुसऱ्याने ती उपसली, म्हणून मी निर्दोष ठरत नाही.

शिवाय ही विकरे ओढ्यात किंवा किनाऱ्यावर जाऊन काम करीत नाहीत. त्यासाठी बाटल्या वेगळ्या काढून, बारीक करून कारखान्यात न्याव्या लागतात. पॉलिथिनच्या पिशवीपुढे तर ती हतबलच आहेत, कारण तिची साखळी वेगळ्या जातीची असते. आज हे वेगळे काढण्याचे काम कोण करते? उकिरड्यावर उघड्या हातांनी कचरा वेचणाऱ्या आयाबहिणी. आपल्या निष्काळजीपणाची किंमत त्या मोजतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात दाखवून दिले की, निसर्गात एकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचे अन्न होतो. आपले उद्योग हे अजून शिकलेले नाहीत. जिवाणू आपल्याला हा धडा देत आहेत. तो गिरवायचा तर आरंभ घरातूनच हवा. सणाला, लग्नाला बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले ठेवू या. उरलेले प्लॅस्टिक धुऊन वेगळे देऊ या. आणि ते न्यायला येणाऱ्या बहिणीला नावाने हाक मारू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू