स्वामित्व आणि ज्ञान

पैसे मोजून वस्तु घरीं आणली म्हणजे ती आपली झाली, असें व्यवहार मानतो. परंतु जिच्या पोटांत काय आहे याची आपणांस गंधवार्ताही नाहीं, तिचे आपण धनी कीं केवळ भाडेकरू? जुन्या बाजारांतून एखादा संगणक आणून त्याचें झाकण उघडणाऱ्या मनुष्यापुढें हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

उदाहरणार्थ, सन १९८१ च्या ऑगस्टांत आयबीएम कंपनीनें जाहीर केलेला 'पीसी' घ्या. झाकण काढतांच त्याचा सारा संसार दृष्टीस पडतो. इंटेलची ८०८८ ही मुख्य चिप सेकंदास सुमारें ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या तालावर चालते. जादा कार्डें खोवण्यासाठीं ५ खाचा आहेत. मेमरीच्या चिपांस नऊ-नऊंच्या चार रांगांची जागा आहे. पैकीं पहिली रांग डाख देऊन पक्की केलेली, व उरलेल्या तीन मालकानें ऐपतीप्रमाणें भरावयाच्या. किती रांगा भरल्या हें बारीक स्विच फिरवून यंत्रास सांगावें लागतें. कमी सांगितल्यास बसविलेली मेमरीही फुकट जाते.

आतां अक्षर जर आठ बिटांचें, तर रांगेंत चिपा नऊ कां? नववी चिप साक्षीदार आहे. आठ बिटांतील एकांची संख्या सम कीं विषम, याची खूण ती लिहितांना ठेवते. वाचतांना खूण जुळली नाहीं, तर यंत्र पडद्यावर दोष जाहीर करून थांबतें. कोणता बिट बिघडला हें त्यास कळत नाहीं, व दोन एकदम बिघडले तर तें फसतेंही. तथापि चुकीचें उत्तर देण्यापेक्षां थांबणें बरें, हा विवेक त्याच्या रचनेंतच घातलेला आहे. हें ज्यास ठाऊक नाहीं तो अशा वेळीं यंत्र भंगारांत टाकील. ज्यास ठाऊक आहे तो त्याचा प्रामाणिकपणा ओळखून सदोष चिप शोधूं लागेल.

यावर कोणी म्हणेल, घड्याळ वापरणाऱ्यानें घड्याळजी व्हावें काय? आक्षेप रास्त आहे. एकट्या ८०८८ मध्येंच सुमारें २९,००० ट्रान्झिस्टर आहेत. ते सर्व जाणणें कोणाही गृहस्थाचें कर्तव्य नव्हे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, जाणण्याची वाट मोकळी ठेवणें हें निर्मात्याचें कर्तव्य आहे, आणि ती मोकळी असल्यास तीवर चार पावलें चालणें हें मालकाचें. आयबीएमनें या यंत्राच्या जोडणीच्या आकृत्या व त्यांतील मूळ आज्ञावली ग्रंथरूपानें छापून विकली. त्यांत व्यापाराचा हिशेब होताच. इतरांनीं कार्डें बनविल्यास यंत्राचाही खप वाढणार होता. परंतु हेतु कांहीं असो, वाट मोकळी राहिली. आजच्या पुष्कळ लॅपटॉपांत मेमरी फलकासच डाखलेली असते. त्यायोगें यंत्र पातळ व हलकें होतें हा लाभ खरा. पण एक चिप बिघडतांच धन्यास परक्याच्या दारीं जावें लागतें, हेंही तितकेंच खरें.

जुना संगणक उघडून बसणाऱ्या मुलामुलींस घरांतील वडील माणसें रिकामटेकडीं म्हणतात. त्यांस आमची विनंती अशी कीं, वीजपुरवठ्याची पेटी मात्र उघडूं देऊं नये, कारण वायर काढल्यावरही तींत कांहीं काळ विद्युद्भार राहतो. बाकी सर्व त्यांस खुशाल पाहूं द्यावें. घरांतील शेंकडों वस्तूंपैकीं निदान एकीचीं तरी तीं खरीं धनी होतील.