जडवलेले आणि विणलेले

संगणकाच्या मदरबोर्डच्या खोक्यावर गुणांची यादी छापलेली असते: आवाज, लॅन, वायफाय, एचडीएमआय, इतके यूएसबी, तितके स्लॉट. दुकान सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचे असो की पुण्याचे, गिऱ्हाईक यादी मोजते आणि लांब यादीचा बोर्ड उजवा ठरवते. या मोजणीत एक जुना प्रश्न न विचारताच निकालात निघालेला असतो. वस्तूला चिकटलेली गोष्ट तिचा अंगभूत गुण केव्हा होते? न्याय-वैशेषिक दर्शनकारांनी इथे दोन नाती वेगळी ठेवली. मुळात सुटी असलेली दोन द्रव्ये जोडली गेली तर तो संयोग. ती पुन्हा सुटी होऊ शकतात. एकावाचून दुसरे उभेच राहत नाही, तिथे समवाय. त्याचे त्यांचे ठरलेले उदाहरण म्हणजे तंतू आणि पट. सोलापूर जिल्ह्यात तरी ते फोड करून सांगावे लागू नये. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर सुताबरोबरच विणली जाते. ती काढायची तर चादरच उसवावी लागेल. छापील चादरीवरचा छाप पार विटला तरी चादर शिल्लक उरते.

ही कसोटी बोर्डाला लावली की यादीतले बरेचसे गळून पडते. १९८१च्या आयबीएम पीसीच्या बोर्डावर कीबोर्ड आणि कॅसेटच्या जोडण्या सोडल्या तर बाहेरच्या जगासाठी काहीच नव्हते. पडदा, फ्लॉपी, प्रिंटर यांची कार्डे पाच स्लॉटांत बसवावी लागत. पुढे कार्डे आटून चिपा झाल्या आणि बोर्डावर कायमच्या सोल्डर झाल्या. पण सोल्डरने संयोग पक्का होतो, त्याचा समवाय होत नाही. आवाजाची चिप मेली तरी बोर्ड चालतो. उलट, मेमरी कंट्रोलर कित्येक वर्षे बोर्डाच्याच चिपसेटमध्ये असे. २००३मध्ये एएमडीने तो प्रोसेसरमध्ये नेला आणि बोर्डाचे बोर्डपण तसूभरही कमी झाले नाही. एचडीएमआयचे तर आणखी गमतीचे आहे. खोबण बोर्डावर असते, चित्र मात्र प्रोसेसरमधून येते. ग्राफिक्स नसलेला प्रोसेसर बसवला की ती खोबण मुकी. काही बोर्डांवर एम-डॉट-टूच्या खाचेत डिस्क घातली की साटाच्या एकदोन जागा बंद पडतात. म्हणजे यादीतल्या गुणांची साधी बेरीजसुद्धा होत नाही. मग बोर्डाचे स्वतःचे काय? १२ व्होल्टची वीज साधारण एक व्होल्टावर आणून प्रोसेसरला न डगमगता पुरवणे, आणि तांब्याच्या बारीक वाटांनी सगळ्यांची गाठ घालून देणे. २००० नंतरच्या काही वर्षांत अनेक बोर्डांवरचे कपॅसिटर फुगून फुटले, तेव्हा यादीतले सगळेच एकदम गेले. विणकाम इथे होते, आणि खोक्यावर त्याचा उल्लेख बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत असतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, चालते आहे ना, मग नात्याची चिकित्सा कशाला? सोय खरी आहे. दर गोष्टीला वेगळे कार्ड घेणे सामान्य माणसाला परवडणारे नाही. पण पावसाळ्यात वीज पडून लॅनची जागा जळते, तेव्हा रिकामा स्लॉट असलेला बोर्ड नवे कार्ड घेऊन कामाला लागतो. लांब यादीच्या भरात स्लॉटांवर काट मारलेल्या बोर्डाला तेवढी मोकळीक उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे, आणि तो शंकराचार्यांचा. समवाय हे वेगळे नाते मानले तर त्याला दोन्ही टोकांशी बांधायला आणखी एक नाते लागेल, त्याला आणखी एक, आणि याला शेवट नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. मात्र त्याने जडवलेल्याची बाजू बळकट होत नाही. विणलेलेही शेवटी संबंधांतच उभे असेल, तर नुसत्या चिकटलेल्याला स्वभाव म्हणण्याचा हक्क आणखीच कमी.

चिकटलेला गुणच नव्हे, बाहेरून लावलेली कमतरताही अशीच स्वभाव म्हणून वाचली जाते. विंडोज ११ आले २०२१मध्ये, आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेली धडधाकट यंत्रे अपात्र ठरली. त्यांच्यात काहीच बिघडले नव्हते. नियम बाहेर लिहिला गेला आणि कमतरता त्यांच्या अंगी नोंदली गेली. यंत्राच्या पात्रतेवरून माणसाकडे वळणे कुणाला उद्धट वाटेल. पण साम्य यंत्र आणि माणूस यांच्यात नाही, पारख करणाऱ्याच्या चुकीत आहे. जन्म कुठे झाला हे बोर्डावरच्या जागेसारखे आहे. आपल्या समाजाने ती जागाच गुण म्हणून वाचली आणि जन्मजात या शब्दाला अंगभूतचा अर्थ चढवला. याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला १३३८मध्ये गावकुसाची भिंत कोसळून संत चोखोबा गेले, जन्मावरून अस्पृश्य ठरवलेले. त्यांची समाधी पंढरपुरात विठ्ठल मंदिराच्या महाद्वारापाशी आहे, दाराच्या बाहेर. विठ्ठलाचे ते दार अस्पृश्य ठरवलेल्यांना उघडले १९४७च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. ज्यांना ते उघडले, त्यांच्या अंगी आदल्या दिवसापेक्षा नवे काही आलेले नव्हते.